पारधी बेडा आणि शाळा

शिक्षणाचा प्रसार झाला म्हणजे तो समाजाच्या सर्व थरांपर्यंत आपोआप झिरपत जातो, अशी आपणां सुशिक्षितांची समजूत असते. आणि ज्या जमातीपर्यंत तो पोहोचत नाही तिलाच विद्येची आवड नाही, असा निकालही आपण तितक्याच सहजतेने देऊन टाकतो. वऱ्हाडातील फासेपारध्यांविषयी हा निकाल फार दिवसांपूर्वीच लागलेला आहे. तो कितपत न्याय्य आहे, हे इतिहासाच्या साक्षीने तपासून पाहण्याजोगे आहे.

1853 साली वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले आणि पुढील काही दशकांत कापसाच्या व्यापारापायी दर्यापुराकडील काळ्या जमिनीतील कुरणे व पडीत राने नांगराखाली गेली. जी गोष्ट शेतकऱ्यास व व्यापाऱ्यास भरभराटीची वाटली, तीच फासे लावून तितर, लावे व हरणे धरणाऱ्या पारध्यास उपासमारीची नांदी ठरली. त्यातच 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. पुढे 1911 व 1924 मध्ये तो अधिक व्यापक करण्यात आला. गुन्हा सिद्ध होण्यापूर्वीच, केवळ जन्मावरून माणसास गुन्हेगार ठरविण्याची ही अजब न्यायपद्धती होती. पारध्यांसारख्या अनेक जमातींवर तिचा शिक्का बसला.

परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने त्या कायद्यातील एक कलम विशेष मननीय आहे. सहा वर्षांवरील व अठरा वर्षांखालील मुलांस आईबापांपासून वेगळे काढून सुधारशाळेत ठेवण्याचा अधिकार त्याने सरकारास दिला होता. सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणात ज्या वसाहती झाल्या, तेथेही मुलांसाठी शाळा होत्या. तेथे काही मुले चार अक्षरे शिकली, हे नाकारण्याचे कारण नाही. तथापि बेड्यावरील मातेच्या मनात शाळा आणि शिपाई यांची जी जोडी एकदा जमली, ती 1952 साली कायदा रद्द झाला म्हणून एका रात्रीत कशी तुटावी?

हा अनुभव केवळ हिंदुस्थानचा नव्हे. सुमारे एक हजार वर्षांपूर्वी आपल्याच देशातून पश्चिमेकडे गेलेले रोमा लोक युरोपात आजही आपल्या भाषेत पाणी, नाक, कान हे शब्द ओळखता येतील अशा रूपात बोलतात. अठराव्या शतकात ऑस्ट्रियाच्या सम्राज्ञी मारिया थेरेसा हिने त्यांस सुधारावयाचे ठरविले, तेव्हा त्यांची मुले काढून घेऊन इतर कुटुंबांत वाढविण्याचे फर्मान निघाले. विसाव्या शतकाच्या अखेरीस झेक देशातील ऑस्ट्राव्हा शहरात रोमा मुलांची भरती मंदबुद्धी मुलांच्या शाळांत सर्रास होत असे. इतर मुलांच्या मानाने तिचे प्रमाण सत्तावीस पटींहून अधिक होते. पालकांनी संमती दिली होती, असा सरकारचा बचाव होता. 13 नोव्हेंबर 2007 रोजी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने तो अमान्य करून हा भेदभावच आहे असा निर्णय दिला. ज्या संमतीचा अर्थ देणाऱ्यास पुरता कळलेला नाही, ती संमती नव्हे, हे तत्त्व आपल्याकडील शाळाखात्यानेही ध्यानी ठेवण्यासारखे आहे.

दर्यापूरच्या परिसरास या प्रश्नाकडे पाहण्याची एक निराळी दृष्टी लाभलेली आहे. जवळच्या शेंडगाव येथे 1876 साली जन्मलेले गाडगेबाबा आयुष्यभर भटकले. स्वतः निरक्षर असूनही, पोटास चिमटा घ्या पण मुलांस शिकवा, असे त्यांनी गावोगावी कीर्तनातून सांगितले. त्या भटकणाऱ्या पुरुषास आपण संत म्हटले, आणि त्याच वाटेने पाल घेऊन जाणाऱ्या पारध्यास गावाबाहेर हटकले. तेव्हा दोष भटकंतीत नसून आपल्या दृष्टीत होता, असे म्हणणे प्राप्त आहे.

विश्वास कोठून उत्पन्न होतो याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात मिळते. नांदगाव खंडेश्वर तालुक्यातील मंगरूळ चव्हाळा येथे 2012 साली मतीन भोसले या फासेपारधी शिक्षकाने आपल्या जमातीच्या मुलांसाठी आश्रमशाळा काढली आणि तिचे नाव ‘प्रश्नचिन्ह’ असे ठेवले. भीक मागणारी मुले तेथे पाटी घेऊन बसू लागली. घरी गुजराती वळणाची बोली बोलणाऱ्या मुलास पुस्तकी मराठी परकी वाटते. तेथे मात्र त्याचे बोलणे हसण्यावारी नेणारा कोणी नव्हता, आणि शाळेत बोलावणारा मनुष्य बेड्याच्या ओळखीचा होता. पुढे समृद्धी महामार्गाच्या कामात या शाळेचा काही भाग पाडला गेला. 11 डिसेंबर 2022 रोजी त्या महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा वाहतुकीस खुला झाला. देशास रस्ते हवेत हे खरे. परंतु शाळा हलविणे भाग असेल तर नवी शाळा उभी राहिल्यावाचून जुनीस हात लावू नये, एवढे भान राज्यकर्त्यांस असावयास नको काय?

सारांश, पारध्यांस विद्येची आवड नाही हा निकाल इतिहासाच्या कसोटीस उतरत नाही. दीडशे वर्षे आपण त्यांच्याकडे संशयाने पाहिले आणि त्यांनी आपल्या शाळेकडे. हा हिशेब मिटविण्याची सुरुवात ज्याच्या हाती सत्ता व साधने आहेत त्यानेच करावयाची असते. बेड्यावरील मूल वर्गात आले म्हणजे त्यास मागच्या बाकावर नव्हे, आपल्या मुलाशेजारी बसवावे. आणि त्या दिवशी आपल्या घरात कोणी नाक मुरडले, तर त्यास हा इतिहास सांगावा.