बायपासनंतर भाजीची पिशवी कधी उचलायची?

पुण्याच्या मंडईतून आठवड्याची भाजी घेऊन निघालेल्या माणसाच्या दोन्ही हातांतल्या पिशव्या तोलल्या, तर सहज आठ-दहा किलो भरतात. बायपास झालेल्या माणसाने पहिले दोन-तीन महिने जे टाळायचं असतं, त्यात हे ओझं सगळ्यात वर येतं. हृदयाला ते झेपत नाही, असा अनेकांचा समज असतो. खरं कारण छातीच्या हाडात आहे.

ऑपरेशनमध्ये काय होतं?

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांत चरबीचे थर साचून वाट अरुंद होते. तो अडथळा तसाच ठेवून त्याच्या पुढे रक्त पोहोचवणारी नवी वाट जोडतात, म्हणून नाव बायपास. त्यासाठी पायातली शीर, छातीच्या आतल्या बाजूची धमनी किंवा हातातली धमनी वापरतात. पायाच्या शिरेची ही पद्धत अर्जेंटिनाचे डॉ. रेने फावालोरो यांनी १९६७मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये रुजवली. भारतात पहिली बायपास १९७५मध्ये चेन्नईच्या पेरांबूर इथल्या रेल्वे रुग्णालयात डॉ. के. एम. चेरियन यांनी केली.

हृदयापर्यंत पोहोचण्यासाठी बहुतेक वेळा छातीचं हाड मधोमध उभं कापावं लागतं. शेवटी ते स्टीलच्या तारांनी बांधतात आणि या तारा कायम आतच राहतात. हाताचं हाड मोडलं तर प्लास्टर घालता येतं, छातीला ते घालता येत नाही. श्वास तर चालूच असतो. हाड बऱ्यापैकी सांधायला सहा ते आठ आठवडे लागतात आणि पुरेशी ताकद यायला साधारण तीन महिने.

पहिले तीन महिने

सगळं सुरळीत असेल तर आठवडाभरात रुग्ण घरी येतो. चार-पाच किलोंपेक्षा जास्त उचलायचं नाही, ढकलायचं नाही, ओढायचं नाही. अंथरुणातून उठताना हातांवर जोर द्यायचा नाही; आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, मग उठायचं. खोकला आला की छातीशी उशी घट्ट धरायची. जिना चढायला हरकत नसते, सावकाश चढला तर झालं. मात्र पेठांतल्या जुन्या वाड्यांत उभ्या जिन्याला धरायला दोर असतो, तो ओढत वर जायचं नाही. सगळा ताण थेट छातीवर येतो.

स्कूटर साधारण दोन महिने बंद, तीही डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच सुरू करायची. पुण्यातले खड्डे आणि अचानक दाबावा लागणारा ब्रेक पाहता हा सल्ला जरा जास्तच मनावर घ्यावा.

चालणं मात्र लगेच सुरू होतं. आधी घरातल्या घरात पाच-दहा मिनिटं, मग रोज थोडं वाढवत दीड महिन्यात अर्धा तास. चालताना बोलता येत असेल तर वेग बरोबर आहे. धाप लागून वाक्य तुटत असेल तर तो कमी करायचा. गर्दीची वेळ टाळावी, कारण तुळशीबागेत संध्याकाळी लागणारा एखादा कोपरसुद्धा न सांधलेल्या हाडाला पुरेसा असतो. विसर्जन मिरवणूक मंडईच्या टिळक पुतळ्यापासून निघते. ज्याचं ऑपरेशन जुलै-ऑगस्टमध्ये झालंय त्याने त्या वर्षी ती टीव्हीवर बघावी.

ज्याबद्दल घरात बोललं जात नाही

ऑपरेशन यशस्वी झालं, रिपोर्ट चांगले आले, तरी माणूस चिडचिडा होतो, उगाच रडू येतं, रात्री झोप लागत नाही. नावं विसरतात, पेपर वाचताना लक्ष लागत नाही. हे बऱ्याच जणांना होतं आणि काही आठवड्यांत ओसरतं. उदासी दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकली तर मात्र डॉक्टरांना सांगायला हवं. नैराश्यात माणूस गोळ्या चुकवतो, चालणं सोडतो, आणि त्याचा फटका हृदयालाच बसतो. घरच्यांची अतिकाळजीही यात भर घालते. कर्त्या माणसाला दिवसभर ‘तुम्ही बसा’ म्हणत राहिलं की तो स्वतःला कायमचा आजारी समजू लागतो.

शरीरसंबंधांबद्दल तर कुणी विचारतच नाही. साधारण दोन मजले धाप न लागता, छातीत न दुखता चढता येत असतील आणि हाड सांधलं असेल, तर सहसा हरकत नसते. छातीदुखीसाठी नायट्रेटच्या गोळ्या चालू असतील तर व्हायग्रासारखी औषधं मात्र मुळीच घ्यायची नाहीत. दोन्हींमुळे रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत कोसळू शकतो.

ताटात काय?

पथ्य म्हणजे उपासमार, हा गैरसमज जखमेला महाग पडतो. हाड आणि त्वचा भरून यायला प्रथिनं लागतात. डाळ, उसळ, ताक, चालत असतील तर अंडी-मासे, आणि मंडईतली ताजी भाजी. कमी करायचं ते लोणचं, पापड, फरसाण आणि तळण. रक्त पातळ करणारी वॉरफेरिन ही गोळी चालू असेल तर पालेभाजी बंद करायची नसते. फक्त रोजचं प्रमाण सारखं ठेवायचं असतं.

बायपास म्हणजे आजार बरा झाला का?

नाही. अडथळ्याला वळसा मिळाला, पण तो निर्माण करणारी प्रवृत्ती शरीरात तशीच असते. छातीतल्या धमनीची जोडणी दहा वर्षांनीही सुमारे ९० टक्के रुग्णांत चालू असते. पायाच्या शिरांपैकी मात्र तोवर जवळजवळ निम्म्या बंद पडलेल्या असतात. म्हणून ॲस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची गोळी बहुतेकांना कायमची असते. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून ती परस्पर बंद करणं हा सगळ्यात नेहमीचा घोटाळा. सिगारेट, तंबाखू आणि मिश्रीही सुटायला हवी.

नीट सांभाळलं तर पुढचं आयुष्य लांब असू शकतं. डॉ. मनमोहन सिंग यांची पहिली बायपास १९९०मध्ये झाली. दुसरी जानेवारी २००९मध्ये, मुंबईचे डॉ. रमाकांत पांडा यांच्या चमूने दिल्लीत केली. त्यानंतर ते पाच वर्षं पंतप्रधान होते आणि ९२व्या वर्षापर्यंत जगले.

कामावर कधी?

बैठं काम सहा ते आठ आठवड्यांत सुरू होतं. गाळ्यावर बसणाऱ्या विक्रेत्याला दुसरं कुणी टोपल्या उचलून देत असेल तर त्यालाही जमतं. पन्नास किलोंचं पोतं उचलणाऱ्या हमालाचं तसं नाही. त्याला किमान तीन महिने थांबावं लागतं, आणि नंतरही तपासणी करूनच किती ओझं चालेल ते ठरतं. मंडईला ज्यांचं नाव आहे त्याच महात्मा फुल्यांच्या नावाच्या जन आरोग्य योजनेत बायपासचा समावेश आहे आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळतं. पण योजना रुग्णालयाचं बिल भागवते, बुडालेला रोज नाही. त्यामुळे हातावर पोट असलेला माणूस महिनाभरातच पोत्याला हात घालतो. ऑपरेशन ठरतानाच घरात या तीन महिन्यांच्या खर्चाचा हिशेब मांडणं हा उपचाराचाच भाग धरायला हवा.

डॉक्टरांकडे लगेच कधी जायचं?

ताप, जखमेतून पाणी किंवा पू, श्वास घेताना छातीच्या हाडात टकटक जाणवणं, एक-दोन दिवसांत दीड-दोन किलो वजन वाढणं, आडवं झाल्यावर दम लागणं, अनियमित धडधड, किंवा एकाच पायाच्या पोटरीत दुखून सूज येणं. शीर काढलेल्या पायाला थोडी सूज असतेच, पण ती पाय वर ठेवल्यावर उतरते. छातीत दाबल्यासारखं होऊन घाम फुटला तर रिक्षा शोधत बसू नये, १०८ला फोन करावा.