नरककुंडाची सफर आणि महानदीचा प्रवासी

आज आपण रायपुरात बसून समुद्रावर जाणार आहोत. तुम्ही म्हणाल, इथून समुद्र केवढा लांब! खरं आहे. पण आपल्या पायाखालची जमीनसुद्धा एकेकाळी समुद्राचा तळ होती. रायपूरच्या आसपासचा जो चुनखडीचा दगड इथल्या सिमेंट कारखान्यांत जातो, तो अति प्राचीन काळी उथळ समुद्रात साचलेला आहे. याच महानदीच्या खोऱ्यातले दगड तपासणारा एक माणूस आज आपल्याला ज्वालामुखीच्या बेटांवर घेऊन जाणार आहे.

त्याचं नाव व्हॅलेंटाइन बॉल. हा आयरिश भूगर्भशास्त्रज्ञ 1864 साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात नोकरीला लागला. काम कोळसा आणि खनिजं शोधण्याचं, पण पक्ष्यांचा भारी नाद. महानदीच्या खोऱ्याच्या भूगर्भावर त्याने 1877 साली लेख लिहिला आणि पुढच्याच वर्षी गंगेपासून गोदावरीपर्यंतच्या पक्ष्यांवरही लिहिलं.

मार्च 1873 मध्ये बॉल एका अनोख्या जलसफरीवर गेला. सफरीचे म्होरके होते ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. हो, 1885 साली मुंबईत काँग्रेसची स्थापना झाली त्यातले तेच ह्यूम! तेव्हा ते सरकारी सचिव होते आणि पक्ष्यांचं वेड असं, की त्यासाठी स्वतःचं नियतकालिक चालवत. सोबत फर्डिनांड स्टोलिच्का होता आणि कोलकात्याच्या संग्रहालयाचा वुड-मेसन होता. अंदमान, निकोबार आणि आसपासची बेटं बघायला निघालेली ही तज्ज्ञांची टोळी. आजच्या वन्यजीव क्रूझची ही आपल्याकडची आजीच म्हणा.

या सफरीत दोन ज्वालामुखी बेटं होती. पहिलं बॅरन. पोर्ट ब्लेअरच्या ईशान्येला साधारण 140 किलोमीटरवर. 1787 साली तिथल्या उद्रेकाची नोंद झाली आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीनंतर ते शांत झालं. ह्यूम-बॉल गेले तेव्हा बेट निजलेलंच होतं. 1991 साली ते पुन्हा जागं झालं आणि आज तो भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी आहे. दुसरं नारकोंडम, आणखी उत्तरेला. हे नाव 'नरककुंड' या शब्दावरून आलं असं मानतात. गंमत अशी, की नारकोंडम शांत आहे आणि दाट जंगलाने झाकलेलं आहे. नरककुंड शोभावं ते बॅरनला! म्हणून जुन्या खलाशांच्या बोलण्यात नावांची अदलाबदल झाली असावी, असा अभ्यासकांचा तर्क आहे.

याच नारकोंडमवर ह्यूमना एक धनेश मिळाला, जगात दुसरीकडे कुठेही नसलेला. नराचं डोकं आणि मान तांबूस, मादी काळी, दोघांचा गळा फिकट निळसर. ह्यूमनी 1873 सालीच त्याचं शास्त्रीय वर्णन छापलं.

आता 'मिळाला' हा शब्द जरा नीट ऐका. मिळाला म्हणजे गोळी घालून मिळाला. त्या काळी पक्षी पाहणं म्हणजे तो मारून, कातडं भरून पेटीत ठेवणं. ह्यूमनी 1885 साली लंडनच्या संग्रहालयाला जवळजवळ 82,000 नमुने दिले. त्याशिवाय शास्त्र उभं राहिलं नसतं, हेही खरं. पण नारकोंडम सात चौरस किलोमीटरसुद्धा नाही. अख्ख्या जातीचं घर एवढंच!

तरीही धनेशाला खरा धोका बंदूकवाल्या पाहुण्यांपासून नव्हता. ते आले आणि गेले. धोका आला मुक्काम करणाऱ्यांबरोबर. स्वतंत्र भारतात तिथे पोलिस चौकी झाली. मागोमाग शेळ्या आल्या. त्या सुटल्या, वाढल्या, जंगलातली रोपं खाऊ लागल्या. धनेश फळं खातो आणि बिया पसरवतो. रोपच जगलं नाही, तर उद्या फळ कुठून येणार? शेवटी शेळ्या हटवाव्या लागल्या. पुढे तटरक्षक दलाला बेटावर रडार हवा होता. 2012 साली पर्यावरण मंत्रालयाने नकार दिला, 2014 साली परवानगी दिली. देशाची सुरक्षाही महत्त्वाचीच, पण एका जातीचं एकुलतं एक घर पणाला लागलं होतं.

आनंदाची बातमीही आहे. रोहित नानिवडेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अलीकडे तिथे मोजणी केली. बेटावर सुमारे हजार धनेश आहेत. धनेशांची एवढी दाट वस्ती जगात दुसरीकडे नोंदलेली नाही. मात्र हजार हा आकडा मोठा वाटला तरी एक वादळ, एक रोग किंवा एक चूक यांच्यापुढे तो किती टिकेल?

गॅलापागोस बेटांनी हा हिशेब लवकर मांडला. तिथे 1959 साली राष्ट्रीय उद्यान झालं. परवानाधारक वाटाड्याशिवाय पर्यटकाला बेटावर फिरता येत नाही आणि ठरलेली पायवाट सोडता येत नाही. आपल्याकडे बॅरन जहाजातूनच पाहायचं, उतरायचं नाही. अनेकांना ते रुचत नाही. एवढे पैसे भरून पाय ठेवायचा नाही? पण शेळ्यांची गोष्ट आठवली, की तो नियम पटतो.

आणि मंडळी, बेट पाण्यातच असतं असं नाही. आपल्या छत्तीसगडचा राज्यप्राणी रानम्हैस. एकेकाळी मध्य भारताच्या पूर्व भागात तिचे कळप होते. शेतं, रस्ते, शिकार आणि गुरांचे रोग यांनी तिला घेरलं. उदंतीच्या जंगलात एका टप्प्यावर एकच मादी उरली होती. 2020 साली आसामच्या मानसहून रानम्हशी बारनवापाऱ्यात आणाव्या लागल्या. उदंतीचं ते जंगल म्हणजे शेतांच्या समुद्रातलं नारकोंडमच. फरक एवढाच, की तिथे जायला जहाज लागत नाही. रायपूरहून काही तासांत गाडीने पोचता येतं. म्हणून शेळी तिथे पोचायलाही वेळ लागत नाही.

बॉल या दोन्ही जगांत हिंडला आणि दोन्हींबद्दल लिहून गेला. त्याच्या वेळी प्रश्न होता, इथे काय काय आहे? आपल्या वेळी प्रश्न आहे, त्यातलं काय उरणार? आणि त्याचं उत्तर पाहुण्याने नाही, मुक्काम करणाऱ्याने द्यायचं असतं. इथे मुक्कामाला आहोत आपण.