नूडल्स तोडायचे नाहीत! फिलिपिन्समध्ये न्यू इयरला 'पानसित' का खातात?

३१ डिसेंबरच्या रात्री बाराचे ठोके पडले की फिलिपिन्समध्ये लहान मुलं जागच्या जागी उड्या मारायला लागतात. उंची वाढते म्हणे! मोठ्यांच्या कपड्यांवर गोल ठिपके असतात, खिशात नाणी खुळखुळत असतात. टेबलावर बारा किंवा तेरा प्रकारची गोल फळं मांडलेली असतात, कारण गोल म्हणजे नाणं आणि नाणं म्हणजे बरकत.

या सगळ्याचे रील्स तुम्ही कदाचित पाहिलेही असतील. पण त्याच टेबलावर 'पानसित' नावाचा, दिसायला अगदी साधा नूडल्सचा पदार्थ असतो, आणि त्याचा नियम मात्र कडक आहे. शिजवताना किंवा वाढताना नूडल्स तोडायचे नाहीत. नूडल्स जितके लांब, तितकी आयुष्याची दोरी लांब, अशी श्रद्धा आहे. म्हणूनच नवीन वर्षाच्या मध्यरात्रीच्या जेवणात, म्हणजे 'मेदिया नोचे'मध्ये, पानसित हवंच. वाढदिवसालाही केक असो वा नसो, पानसित असतंच.

नावाचा अर्थ मात्र 'झटपट'

ही समजूत मूळची चीनची. तिथे वाढदिवसाला दीर्घायुष्याचे नूडल्स खायची जुनी प्रथा आहे. फुजियान प्रांतातले व्यापारी मनिलाला आले आणि नूडल्स सोबत घेऊन आले. 'पानसित' हा शब्दही त्यांच्याच होक्किएन भाषेतून आलेला आहे. गंमत म्हणजे त्याचा मूळ अर्थ 'सोयीचं, पटकन होणारं खाणं'. दीर्घायुष्याचं प्रतीक झालेल्या पदार्थाचं नाव चक्क फास्ट फूड!

ज्यांनी हा पदार्थ आणला, त्यांचं स्वागत मात्र कधीच मनापासून झालं नाही. स्पॅनिश राज्यकर्त्यांना चिनी व्यापारी आणि कारागीर हवे होते, पण त्यांची भीतीही वाटायची. म्हणून त्यांना मनिलाच्या तटबंदीबाहेर, तोफांच्या टप्प्यात येईल अशा 'परियान' वस्तीत ठेवलं गेलं. १६०३ च्या उठावानंतर हजारो चिनी मारले गेले. ख्रिश्चन झालेल्या चिन्यांसाठी १५९४ मध्ये वसवलेलं बिनोंदो आज जगातलं सर्वात जुनं चायनाटाउन मानलं जातं.

माणसांना वेशीबाहेर ठेवलं, तरी नूडल्स आत शिरलेच. चिनी फेरीवाले तंबाखूच्या कारखान्यांतल्या कामगार बायकांना पानसित विकायचे. या बायकांना घरी जाऊन रांधायला वेळ कुठून मिळणार? पुढे 'पानसितेरिया' नावाची हॉटेलं निघाली. शब्द होक्किएन, शेपूट स्पॅनिश. होसे रिझाल यांच्या १८९१ च्या 'एल फिलिबुस्तेरिस्मो' कादंबरीतले विद्यार्थी सरकारवरचा राग काढायला जमतात, तेही अशाच एका पानसितेरियात.

गावागणिक चव वेगळी

'बिहोन' म्हणजे तांदळाच्या बारीक शेवया, आधी भिजवून मग रस्सा आणि सोया सॉसमध्ये परतलेल्या. वरून कालामान्सी हे छोटं लिंबू पिळायचं. 'कांतोन'मध्ये गव्हाचे जाड नूडल्स असतात. मालाबोन हे मासेमारीचं गाव, त्यामुळे तिथल्या केशरी पानसितवर कोळंबी, कालवं आणि माकुळ यांची रेलचेल. लुकबानमध्ये 'हबहब' केळीच्या पानावर घेतात आणि चमचा-काटा न वापरता पान थेट तोंडाला लावून खातात. इलोइलोच्या 'पानसित मोलो'त तर नूडल्सच नाहीत. ते मोमोसारख्या पुरचुंड्यांचं सूप आहे. मग आयुष्य वाढवायचं कशाने, हे इलोइलोकरांनाच विचारावं लागेल.

एरवी पानसितमध्ये चिकन सर्रास घालतात, पण न्यू इयरला बऱ्याच घरांत ते टाळतात. कोंबडी माती उकरते आणि मिळेल तो दाणा टिपते, म्हणजे हातावर पोट. तसं वर्ष कुणाला नको असतं. त्याऐवजी पोर्क किंवा कोळंबी घालतात. शेजारी चिकट भाताचा 'बिको' हा गोड पदार्थ असतो, नशीबही तसंच चिकटून राहावं म्हणून.

आणि १ जानेवारीच्या सकाळी? उरलेलं पानसित 'पांदेसाल' या मऊ पावात भरून खातात. तेव्हा नूडल्स तुटले तरी कुणी काही बोलत नाही.