सिंगापूरचे मजूर आणि मायबोलीतील निरोप

घरदार सोडून दूरदेशी राबावयास गेलेला मनुष्य आजारी पडला, म्हणजे त्याचे दुखणे दुहेरी होते. एक दुखणे देहाचे, आणि दुसरे ते सांगता न येण्याचे. वैद्य समोर असतो, औषधही हाताशी असते. पण दोघांमधला शब्द नसतो. या हरवलेल्या शब्दाची कथा सिंगापूर बंदराच्या इतिहासात फार स्पष्टपणे वाचावयास मिळते.

१८१९ साली इंग्रजांनी तेथे वखार घातली आणि पाहता पाहता ते गाव आशियातील श्रमिकांचे वसतिस्थान बनले. १८२५ पासून तेथे हिंदी कैदी पाठविले जाऊ लागले. १८६२ साली पवित्रीकरण झालेले सेंट अँड्र्यू कॅथेड्रल अशाच कैद्यांच्या श्रमांतून उभे राहिले. पुढे मजुरांनी भरलेली जहाजे वाढली, तशी साथींची भीतीही वाढली. १८७३ साली पटकीची साथ आली आणि १८७४ मध्ये सेंट जॉन बेटावर विलगीकरणाची जागा उघडण्यात आली. आलेला मनुष्य तेथे उतरवून घ्यावा, तपासावा, संशय आल्यास अडकवून ठेवावा, अशी ती रीत होती. शहर वाचविणे हा तिचा हेतू. मजुराला रोग समजावून सांगणे हा नव्हे. त्याच्या देहाची तपासणी होई. त्याच्या मनातील शंका मात्र तशीच राही.

सुमारे दीडशे वर्षांनी त्याच शहरात पुन्हा साथ आली. २३ जानेवारी २०२० रोजी सिंगापुरात कोविडचा पहिला रुग्ण आढळला. त्या वेळी सुमारे ३,२३,००० परदेशी मजूर तेथील वसतिगृहांत राहत होते. बांगलादेश, तामिळनाडू, चीन, म्यानमार अशा नाना ठिकाणांहून आलेली ही माणसे गगनचुंबी इमारती बांधीत, जहाजे दुरुस्त करीत आणि रात्री एकेका खोलीत बारा-बारा, वीस-वीस जण दुमजली खाटांवर निजत. ५ एप्रिल रोजी पुंगोल आणि तोह गुआन येथील दोन मोठ्या वसतिगृहांभोवती विलगीकरणाची रेघ ओढली गेली आणि जवळजवळ २०,००० माणसे एका दिवसात आत अडकली.

बायबलमध्ये बाबेलच्या बुरुजाची कथा आहे. बुरूज बांधणाऱ्यांची भाषा एकमेकांना कळेनाशी झाली आणि काम थांबले. सिंगापुरातही काम थांबले होते आणि भाषांचा गोंधळ होताच. नाकातून नमुना कशासाठी घेतात? मित्राला रात्री कोठे नेले? पगार मिळेल की नाही? घरी काय कळवावे? प्रश्न बंगालीत आणि तमिळमध्ये पडत होते. उत्तरे इंग्रजीत होती.

तेव्हा उपयोगी पडला तो प्रत्येकाच्या खिशातील मोबाइल. एप्रिल २०२० मध्ये सुदेष्णा रायचौधुरी या तरुण डॉक्टरने एक संकेतस्थळ तयार केले. रुग्णाला विचारावयाचे प्रश्न त्यावर बंगालीत, आवाजासह दिलेले होते, म्हणून दुभाषा जवळ नसलेल्या डॉक्टरालाही रुग्णाशी बोलता येऊ लागले. दुसऱ्या काही डॉक्टरांनी व स्वयंसेवकांनी चित्रे काढून, त्यांना निरनिराळ्या भाषांतील आवाज जोडून, ती मोबाइलवरून मजुरांपर्यंत पोचविली. शासनाच्या एका अ‍ॅपवर मजूर दिवसातून दोनदा आपला ताप नोंदवू लागला आणि खोलीतूनच डॉक्टरांशी बोलू लागला.

यात आवाजाचे महत्त्व विशेष होते. व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजाचे निरोप २०१३ पासून धाडता येऊ लागले होते. ज्याला लांब मजकूर वाचावयास जड जाते, त्यालाही आपल्या बोलीतील आवाज लगेच कळतो. आणि आवाजाला माणूस असतो. छापील सूचनेपेक्षा आपल्या मुलखातील मनुष्याचे दोन शब्द अधिक विश्वासाचे वाटतात.

पण ज्या वाटेने औषध येते, त्याच वाटेने विषही येते. तोच मोबाइल खोट्या उपायांच्या आणि भयंकर अफवांच्या बातम्याही आणीत होता. जगभर हाच अनुभव आल्यामुळे, पुष्कळदा पुढे पाठविलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी धाडता येईल, असे बंधन व्हॉट्सअ‍ॅपने एप्रिल २०२० मध्ये घातले. अफवेला उत्तर मौनाने देता येत नाही. खरा शब्द लवकर आणि लोकांच्या भाषेत पोचवावा लागतो.

तरीही या कथेतील सर्वांत कठोर धडा निराळाच आहे. डिसेंबर २०२० मध्ये सरकारने आकडे जाहीर केले. त्या ३,२३,००० मजुरांपैकी ५४,५०५ जणांना चाचणीत लागण आढळली होती; आणखी ९८,२८९ जणांच्या रक्तात लागण होऊन गेल्याच्या खुणा सापडल्या. म्हणजे शंभरातील सत्तेचाळीस. बहुतेकजण तरुण असल्यामुळे मृत्यू फार थोडे झाले, ही देवाची कृपाच. पण निरोप कितीही शुद्ध बंगालीत असला, तरी ‘अंतर ठेवा’ हे त्या खोलीत पाळावयाचे कसे? वरच्या खाटेवरचा माणूस अंतर ठेवण्यासाठी जाणार कोठे? शब्द भीती घालवू शकतो, लक्षणे ओळखावयास शिकवू शकतो. तो भिंत मागे सरकवू शकत नाही. ते काम कायद्याचे. सप्टेंबर २०२१ मध्ये नव्या वसतिगृहांसाठी नियम ठरले: एका खोलीत बाराहून अधिक माणसे नकोत, आणि दोन खाटांमध्ये एक मीटर अंतर हवे. साथीपूर्वी हेच झाले असते, तर अनेक निरोप धाडावेच लागले नसते.

सेंट जॉन बेटावरील मजुराला कोणी काही विचारीत नसे. २०२० मधील मजुराला त्याच्या भाषेत विचारणारा कोणीतरी होता. ही प्रगती लहान नव्हे. परभाषिक प्रांतात पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या मराठी माणसाला तिचे मोल वेगळे सांगावयास नको. दवाखान्याच्या खिडकीशी मायबोलीचा एक शब्द कानी पडला, की निम्मे दुखणे हलके होते, हे तो जाणतो. मात्र उरलेले निम्मे केवळ शब्दाने बरे होत नाही. ज्याच्या श्रमावर शहर उभे राहते, त्याला शब्दही द्यावा आणि श्वास घेण्यापुरती जागाही द्यावी. यांपैकी एकच देणे म्हणजे अर्धेच देणे.