आरशाचा कवडसा: सिरोंज ते अँडीज

रानात वाट चुकली तर आरशाने विमानाला खूण करावी, असं गिर्यारोहणाच्या शिबिरांत शिकवतात. ऐकायला सोपं वाटतं. पण ही विद्या आधी मोजणीवाल्यांची आणि मग फौजेची. त्यातला एक धागा आपल्या माळव्यातून जातो.

१८२४-२५ मध्ये जॉर्ज एव्हरेस्टने सिरोंजला आधाररेषा मोजली, आणि १८३७-३८ मध्ये तीच पुन्हा मोजली. कित्येक कोसांवरच्या टेकडीचा नेमका बिंदू दुर्बिणीत पकडायचा कसा? तर तिथे हेलिओट्रोप बसवायचा. गाउस या जर्मन गणितज्ञाने १८२१ मध्ये काढलेलं हे यंत्र म्हणजे उन्हाचा कवडसा हव्या त्या दिशेला फेकणारा आरसा. रात्री दिवे लावत.

इथे इंजिनिअरचा हिशेब सांगतो. सूर्याचं बिंब आपल्याला साधारण अर्ध्या अंशाचं दिसतं, म्हणून परतणारा झोतही तेवढाच पसरतो. दहा किलोमीटरवर त्याची रुंदी जेमतेम नव्वद मीटर! शिवाय सूर्य दर चार मिनिटांना एक अंश सरकतो, म्हणजे आरसा स्थिर ठेवला तर दोनेक मिनिटांत झोत निसटलाच. टेकडीवर आरशापाशी बसलेल्या माणसाला डोळ्यात तेल घालून तो सारखा फिरवावा लागे. त्या माणसांची नावं इतिहासात फारशी येत नाहीत, याची मला खंत वाटते.

१८६९ मध्ये कराचीत, म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्यातच, तारखात्यातल्या हेन्री मान्सने आरशाला कळ जोडली आणि झोत मोर्समध्ये बोलू लागला. १८७९ मध्ये झुलूंच्या मुलखात एशोवेला अडकलेल्या इंग्रज तुकडीने घरगुती आरशातून असंच यंत्र जुळवून बाहेरच्या फौजेशी संपर्क साधला. कोंडलेल्या माणसांची हाक उजेडावर गेली ती अशी.

वाट चुकलेल्याजवळ यंत्र नसतं. त्याने हात लांब करून दोन बोटांच्या बेचक्यात विमान धरायचं आणि कवडसा आधी बोटांवर पाडायचा. बोटं उजळली की नेम लागला.

नेमाइतकीच पार्श्वभूमीही महत्त्वाची. १३ ऑक्टोबर १९७२ रोजी ४५ जणांना घेऊन निघालेलं उरुग्वेचं विमान अँडीजमध्ये कोसळलं. सांगाडा पांढरा, भोवती बर्फही पांढरा! वाचलेल्यांनी छतावर लिपस्टिकने 'एसओएस' लिहायला घेतलं, पण लिपस्टिक पुरेना. बॅगा मांडून क्रूस केला, तोही वरून कुणाला दिसला नाही. आठ दिवसांनी शोध थांबला. ती बातमी त्यांनी स्वतःच ट्रान्झिस्टरवर ऐकली.

शेवटी डिसेंबरमध्ये पारादो आणि कानेसा चालत निघाले. दहाएक दिवसांनी नदीपलीकडे सेर्हिओ कातालान हा गुराखी दिसला. पाण्याच्या आवाजात काही ऐकू जाईना, म्हणून त्याने दगडाला कागद बांधून फेकला. त्यावर मजकूर लिहून पारादोने तो परत भिरकावला, आणि कातालान घोड्यावरून पोलिसांकडे निघाला. २२ आणि २३ डिसेंबरला हेलिकॉप्टरं डोंगरात गेली. एकूण सोळा जण वाचले.