गाडीची वाट बघताना सापडलेलं झाड

बोस्टनला ऑनसाइट असताना भाड्याच्या घराबरोबर मला एक कुंडी फुकट मिळाली. आधीच्या भाडेकरूने मागच्या फरसबंद अंगणात तशीच सोडून दिलेली. त्यात कमरेएवढं, शंकूच्या आकाराचं हिरवंगार झाड. रोज कोणी कात्री चालवत असेल असं वाटावं इतकं नेटकं. नर्सरीच्या चिठ्ठीवर नाव होतं 'ड्वार्फ अल्बर्टा स्प्रूस'.

दुसऱ्या उन्हाळ्यात त्याला एका बाजूने वेगळीच फांदी फुटली. बाकीचं झाड वर्षाला जेमतेम दोन-चार इंच वाढायचं, ही पठ्ठी एका मोसमात फूटभर! सुया लांब आणि विरळ. मी खूश. म्हटलं, आपल्या पाणी घालण्याला यश आलं. मग जरा वाचायला घेतलं आणि कळलं की यश वगैरे काही नाही, झाड हातातून चाललंय.

तर मुळात झालं होतं असं. १९०४ साली हार्वर्डच्या आर्नल्ड आर्बोरेटम या वृक्षोद्यानातले दोघे जण, आल्फ्रेड रेडर आणि जॉन जॉर्ज जॅक, कॅनडात अल्बर्टाच्या डोंगराळ भागात होते. लॅगन स्टेशनला (म्हणजे आजचं लेक लुईस) गाडीची वाट बघत होते. आपण अशा वेळी चहा शोधतो. हे दोघे आजूबाजूला झाडं बघत हिंडायला लागले, आणि तिथे त्यांना व्हाइट स्प्रूसची काही खुजी रोपं दिसली. ती त्यांनी बोस्टनला आणली.

व्हाइट स्प्रूस हे कॅनडाच्या जंगलातलं नेहमीचं झाड, सहज पन्नास-साठ फूट आणि त्याहूनही उंच जाणारं. या रोपांमध्ये मात्र काहीतरी बिनसलं होतं. सुया आखूड, मऊ आणि दाट, अगदी बाळरोपाला असतात तशा, आणि त्या तशाच राहायच्या. वाढ कासवाची. आमच्या भाषेत सांगायचं तर बग. पण अंगणातल्या कुंडीसाठी याहून सोयीचा बग नाही. आकार आपोआप शंकूचा, छाटायची गरज नाही, वर्षानुवर्षं कुंडी बदलावी लागत नाही. शिवाय मूळ गाव कॅनडाचं, त्यामुळे कुंडीतली माती गोठली तरी ते तग धरतं. उघड्या कुंडीत मुळांना जमिनीइतकी ऊब मिळत नाही, म्हणून तिथे काटक झाडच लागतं.

आता गंमत बघा. या झाडाला फळं, म्हणजे ते लाकडी शंकू, क्वचितच धरतात. त्यामुळे बियांचा प्रश्नच नाही, सगळं काम छाट कलमांवर. फांदीचा तुकडा तोडा, मुळं फुटू द्या, नवं झाड तयार. म्हणजे माझ्या कुंडीतलं झाड हे लॅगनच्या त्या मोजक्या रोपांचीच कॉपी. कॉपीची कॉपीची कॉपी, शंभराहून जास्त वर्षं चाललेली.

पण एखाद्या अंकुरात मूळ स्वभाव मधूनच परत जागा होतो. ती फांदी जोरकस असते, बघता बघता बाकीच्यांना मागे टाकते, आणि काही वर्षांत कुंडीत जंगलातला स्प्रूस उभा राहतो. उपाय एकच, ती दिसताक्षणी बुडापासून कापायची. इतिहासात रेडर आणि जॅक यांची नावं आहेत, आणि ते बरोबरच आहे. पण १९०४ मध्ये सापडलेलं हे झाड टिकलं ते दरवर्षी कुठल्या ना कुठल्या अंगणात कोणीतरी कात्री घेऊन उभं राहिलं म्हणून. त्या लोकांची नावं कुठेच नाहीत.

रविवारी कात्री घेऊन गेलो खरा, पण हात चालेना. सगळ्या झाडात तीच तर खरी धडधाकट फांदी होती! जंगलात तीच जगली असती. पाच मिनिटं नुसता उभा राहिलो. मग कापली.

पुढे सहा महिन्यांत प्रोजेक्ट संपलं. निघताना कुंडीला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून एक चिठ्ठी बांधली. आमच्याकडे त्याला केटी म्हणतात, नॉलेज ट्रान्सफर. लिहिलं, "हिवाळ्यात माती गोठायच्या आधी भरपूर पाणी द्या. लांब फांदी आली तर खूश होऊ नका, कापा."