रेगेन्सबुर्गचा विसरलेला करार

माणसाचे तारण कशाने होते, श्रद्धेने की सत्कृत्यांनी? धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांना या प्रश्नाचे उत्तर पाठ असते. परंतु तोच प्रश्न आजारपणात, उतारवयात किंवा घरातील कर्ते माणूस अचानक गेल्यावर समोर उभा राहतो, तेव्हा पाठ केलेले उत्तर पुरे पडत नाही. धर्मगुरू या नात्याने आम्हांला हा प्रश्न दोन सुरांत ऐकू येतो. रविवारची मिस्सा कधी न चुकवलेली, रोझरी आणि नोव्हेना निष्ठेने केलेली, दारी आलेल्याला रिकाम्या हाती न पाठवलेली एखादी माउली अखेरच्या दिवसांत कातर स्वरात विचारते, "फादर, मी केले ते पुरेल ना?" उलट, एखादा तरुण कुठल्याशा प्रार्थनासभेहून परततो आणि आम्हांलाच ऐकवतो, "मी प्रभूवर विश्वास ठेवला त्याच दिवशी माझे तारण झाले. आता दहा आज्ञांचा हिशेब कशाला?"

माउलीच्या मनात धाक आहे, तर तरुणाच्या मनात निर्धास्तपणा. दोघांचीही वाट चुकते आहे असे आम्हांला वाटते. मात्र ती नेमकी कोठे चुकते हे समजून घ्यायचे, तर ख्रिस्तसभेच्या इतिहासात बरेच मागे जावे लागते.

दोन प्रेषित, एक आब्राहाम

या प्रश्नाची पहिली ठिणगी ख्रिस्तसभेच्या बाल्यावस्थेतच पडली. यहुदी नसलेल्यांनी ख्रिस्ताचा स्वीकार केल्यावर त्यांनी सुंता करून मोशेचे नियमशास्त्रही पाळावे काय? इ. स. ४९ च्या सुमारास यरुशलेम येथे प्रेषितांची सभा भरली आणि ते ओझे त्यांच्या खांद्यावर लादू नये असे ठरले. संत पौलाने गलतीकरांस व रोमकरांस लिहिलेल्या पत्रांतून या निर्णयामागील तत्त्व उलगडून दाखवले. देवापुढे माणूस नीतिमान ठरतो तो नियमशास्त्रातील कर्मांच्या बळावर नव्हे, तर श्रद्धेने. त्यासाठी त्याने आब्राहामाचा दाखला दिला. सुंता होण्यापूर्वीच आब्राहामाने देवाच्या वचनावर भरवसा ठेवला होता, आणि तोच त्याचे नीतिमत्त्व म्हणून गणला गेला.

संत याकोबाच्या पत्रातही आब्राहाम आहेच, पण तो वेदीपाशी, इसहाकाचे अर्पण करायला सिद्ध झालेला. जिच्यातून काही कृती उमलत नाही अशी श्रद्धा निर्जीव होय, असे याकोब बजावतो. वरवर पाहता ही दोन प्रेषितांची जुंपलेली दिसते. वास्तविक दोघे दोन वेगळ्या चुकांशी झगडत आहेत. पौलापुढे आपल्या धर्मपालनाची ऐट मिरवणारा माणूस आहे, तर याकोबापुढे ओठांवर श्रद्धा आणि उपाशी भावाकडे पाठ असलेला. पौलाने स्वतःच गलतीकरांस सांगितले आहे की, ख्रिस्ताच्या ठायी महत्त्व आहे ते प्रीतीच्या द्वारे कार्य करणाऱ्या श्रद्धेला. या एका वाक्यात दोन्ही प्रेषित एकत्र येतात.

पाचव्या शतकात ब्रिटनहून रोमला आलेल्या पेलागियस नावाच्या तपस्व्याने शिकवले की, माणूस आपल्या इच्छाशक्तीच्या बळावर देवाच्या आज्ञा पाळू शकतो. हेतू चांगला होता. रोममधील ख्रिस्ती लोकांची शिथिलता त्याला सहन होत नव्हती. परंतु हिप्पोचे महागुरू संत ऑगस्टीन यांनी ओळखले की, असे असेल तर ख्रिस्ताच्या क्रुसाला काही अर्थ उरत नाही. इ. स. ४१८ च्या कार्थेज परिषदेने पेलागियसची शिकवण नाकारली. पुढे ५२९ साली ओरांज येथील परिषदेने स्पष्ट केले की, श्रद्धेची पहिली ओढसुद्धा देवाच्या कृपेचेच दान आहे. कॅथलिक लोक स्वतःच्या कर्मांनी तारण कमावू पाहतात असा आक्षेप आपल्यावर आजही घेतला जातो. ज्या मताचा हा आक्षेप आहे, ते मत ख्रिस्तसभेने ल्यूथरच्या अकराशे वर्षे आधीच बाजूला सारले होते.

एकाच वर्षी जन्मलेले दोघे

१४८३ साली युरोपात दोन मुले जन्मली. एक जर्मनीत आइस्लेबेन येथे, दुसरा व्हेनिसच्या उमराव घराण्यात. पहिला मार्टिन ल्यूथर. दुसऱ्याचे नाव गास्पारो कोंतारिनी. पहिल्याचे नाव शाळकरी मुलालाही ठाऊक असते. दुसऱ्याचे आपल्यापैकी फार थोड्यांनी ऐकले असेल.

ल्यूथर ऑगस्टिनियन मठात साधू झाला. उपवास, जागरणे, वारंवार पापनिवेदन, सर्व काही करूनही न्यायी देव आपल्याला स्वीकारील ही खात्री त्याच्या मनाला लाभेना. अखेर रोमकरांस पत्राच्या अभ्यासात त्याला उमगले की, देवाचे नीतिमत्त्व म्हणजे पाप्याला शिक्षा करणारा न्याय नव्हे, तर पाप्याला दान म्हणून मिळणारी नीतिमत्ता. पुढे १५१७ साली पापांच्या दंडातून सूट देणारी पत्रे, म्हणजेच इंडल्जन्स, पैशांच्या बदल्यात खपवली जात असल्याचे पाहून त्याने पंचाण्णव प्रबंध मांडले. त्या पैशांपैकी निम्मा रोममधील संत पेत्राच्या महामंदिराच्या बांधकामासाठी होता आणि निम्म्यातून माइन्सच्या आर्चबिशपांचे सावकारी कर्ज फिटणार होते. हे आपल्या इतिहासातील लाजिरवाणे पान आहे आणि ते झाकण्यात काही अर्थ नाही.

आता कोंतारिनीकडे वळू. १५१० च्या अखेरीस त्याचा जिवलग मित्र जुस्तिनियानी कामालदोली येथील कडक व्रतस्थ मठात दाखल झाला. तेथून त्याने लिहिलेल्या पत्रांत आपल्या पापांचे प्रायश्चित्त पुरेसे होईल की नाही ही चिंता होती. ती वाचून कोंतारिनी हादरला. मठात देह झिजवणाऱ्यालाही जर भीती वाटते, तर संसारात वावरणाऱ्या माझ्यासारख्याचे काय? १५११ च्या पवित्र शनिवारी तो पापनिवेदनाला गेला. तेथे एका साधूशी झालेल्या बोलण्यातून त्याच्या मनाची गाठ सुटली. मी साऱ्या जन्मात कितीही तप केले तरी गेल्या पापांची भरपाई होणार नाही. पण ख्रिस्ताचे दुःखसहन तेवढ्यास आणि त्याहून अधिकास पुरे आहे. श्रद्धेने, आशेने आणि जमेल तेवढ्या प्रीतीने त्याच्याशी जडून राहणे एवढेच माझे काम. ही हकिकत त्याने मित्राला पत्राने कळवली. ती पत्रे मठाच्या दप्तरात शतकानुशतके पडून होती. विसाव्या शतकाच्या मध्यास इतिहासकार हुबर्ट येडिन यांनी ती उजेडात आणली, तेव्हा अभ्यासक थक्क झाले. ल्यूथरचे नावही कुणाला ठाऊक नव्हते, तेव्हा एका प्रापंचिक कॅथलिकाला पापनिवेदनाच्या संस्कारातच हे सत्य गवसले होते.

कोंतारिनी व्हेनिसचा वकील म्हणून सम्राट पाचव्या चार्ल्सच्या दरबारी राहिला. १५३५ साली पोप तिसरे पॉल यांनी या प्रापंचिक मुत्सद्द्याला एकदम कार्डिनल केले. आपल्या भूमीशीही त्याचे नाते आहे. संत इग्नाती लोयोला यांनी नव्या संघाची रूपरेषा लिहून काढली, ती १५३९ साली पोपमहाशयांपुढे ठेवली कोंतारिनीनेच. १५४० साली येशूसंघाला मान्यता मिळाली आणि ७ एप्रिल १५४१ रोजी संत फ्रान्सिस झेवियर लिस्बनहून गोव्याच्या दिशेने निघाले.

रेगेन्सबुर्ग, १५४१

झेवियरचे जहाज समुद्रात होते त्याच दिवसांत जर्मनीतील रेगेन्सबुर्ग नगरात सम्राटाने दोन्ही पक्षांच्या तीन-तीन पंडितांना एका मेजाभोवती बसवले. कॅथलिकांकडून एक, ग्रोपर आणि फ्लुग. प्रोटेस्टंटांकडून मेलांख्थोन, बुत्सर आणि पिस्टोरियस. पोपमहाशयांचे प्रतिनिधी होते कार्डिनल कोंतारिनी. सर्वांत अवघड विषय होता तो नीतिमान ठरण्याचा. आणि २ मे १५४१ रोजी नेमके त्याच विषयावर एकमत झाले!

त्या करारात असे मान्य झाले की, पापी माणूस नीतिमान ठरतो तो जिवंत श्रद्धेने, आणि जिवंत श्रद्धा म्हणजे प्रीतीच्या द्वारे कार्य करणारी श्रद्धा. पवित्र आत्मा माणसाचे अंतःकरण खरोखर नवे करतो, पण माणसाने आपला भरवसा स्वतःच्या या नव्या चांगुलपणावर न ठेवता ख्रिस्ताच्या नीतिमत्त्वावर ठेवावा. तेथे हजर असलेल्या जॉन कॅल्विननेही, कॅथलिक पक्षाने एवढे मान्य केले याविषयी आपल्या मित्राला आश्चर्याने लिहिले.

हा आनंद अल्पायुषी ठरला. पवित्र मिस्सेतील भाकर व द्राक्षारस यांचे परिवर्तन, पापनिवेदन आणि ख्रिस्तसभेचा अधिकार या मुद्द्यांवर बोलणी फिसकटली. एकमत झालेल्या कलमालाही दोन्हीकडे वाली उरला नाही. रोमला ते संदिग्ध वाटले. ल्यूथरने ते ठिगळे जोडून केलेले काम म्हणून झिडकारले. कोंतारिनीवर आपल्याच माणसांकडून संशय घेतला गेला. ऑगस्ट १५४२ मध्ये तो बोलोन्या येथे मरण पावला. त्याच्या आधी साडेतीन महिने झेवियर गोव्यास पोहोचले होते.

ट्रेंटचा निवाडा

डिसेंबर १५४५ मध्ये ट्रेंटची धर्मपरिषद सुरू झाली. या एका विषयावर परिषदेने सुमारे सात महिने खल केला. ऑगस्टिनियन संघाचे प्रमुख सेरिपांदो यांनी रेगेन्सबुर्गला जवळची अशी भूमिका मांडली. येशूसंघाचे लाइनेस यांनी तिला कसून विरोध केला. अखेर १३ जानेवारी १५४७ रोजी सोळा प्रकरणांचा आणि तेहतीस नियमांचा आदेश संमत झाला.

ट्रेंटचे नाव काढले की लोकांना शापवचने आठवतात. आदेश प्रत्यक्ष वाचला तर वेगळे चित्र दिसते. त्याचा पहिलाच नियम, कृपेवाचून स्वतःच्या कर्मांनी देवापुढे नीतिमान ठरता येते असे म्हणणाऱ्याच्या विरुद्ध आहे. श्रद्धा हा तारणाचा आरंभ, पाया आणि मूळ आहे आणि ही पहिली कृपा कोणीही आपल्या पात्रतेवर मिळवत नाही, असे परिषद सांगते. त्याचबरोबर ती बजावते की, कृपा माणसाच्या पापांवर नुसते पांघरूण घालत नाही, ती त्याला आतून बदलते. म्हणून कृपेच्या साहाय्याने देवाच्या आज्ञा पाळणे शक्य आहे आणि आवश्यकही. ख्रिस्त आपला तारणारा तर आहेच, पण ज्याचे ऐकावे असा नियमदाताही आहे.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, नैतिक नियम मोडीत काढावा असे ल्यूथरचेही म्हणणे नव्हते. त्याच्या १५२९ च्या धर्मप्रश्नोत्तरीचा आरंभ दहा आज्ञांनीच होतो. आणि कृपा मिळालेल्यांना नियमाची शिकवण नको, असे त्याचाच सहकारी आग्रिकोला म्हणू लागला, तेव्हा ल्यूथरने त्याला कडाडून विरोध केला. आमच्या त्या तरुण मित्राने ल्यूथरचा आधार घेण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे.

चारशे अठ्ठावन्न वर्षांनी

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर कॅथलिक आणि ल्यूथरन पंडित पुन्हा एका मेजाभोवती बसले. तीस वर्षांच्या संवादातून नीतिमान ठरण्याविषयीचे संयुक्त घोषणापत्र तयार झाले. वाटेत अडथळे आले. जर्मनीतील शंभरहून अधिक प्रोटेस्टंट ईशज्ञान्यांनी निषेध नोंदवला. १९९८ साली रोमनेही काही शंका उपस्थित केल्या. त्यांचे निरसन करणारी पुरवणी जोडली गेली आणि ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्ग येथे कार्डिनल एडवर्ड कॅसिडी आणि ल्यूथरन जागतिक महासंघाचे अध्यक्ष बिशप ख्रिस्तियान क्राउझ यांनी त्यावर सह्या केल्या. २००६ साली मेथडिस्ट आणि २०१७ साली रिफॉर्म्ड ख्रिस्तमंडळ्यांनीही त्यास अनुमोदन दिले.

घोषणापत्राचा गाभा सोपा आहे. देव आपल्याला स्वीकारतो तो निव्वळ कृपेने, ख्रिस्तामुळे. आपली पात्रता पाहून नव्हे. पण ज्याला तो स्वीकारतो त्याचे हृदय तो नवे करतो आणि त्याला सत्कृत्यांच्या वाटेवर चालवतो. या घोषणापत्रात जी ल्यूथरन शिकवण मांडली आहे तिला ट्रेंटची दूषणे लागू होत नाहीत, तसेच त्यातील कॅथलिक शिकवणीला ल्यूथरन दूषणे लागू होत नाहीत, असे दोघांनी मान्य केले. सर्व मतभेद मिटले असे नव्हे. आजही आपण एका वेदीवरून प्रभुभोजन घेऊ शकत नाही, आणि मिश्रविवाह झालेल्या आपल्या कुटुंबांना त्याची सल दर रविवारी जाणवते. तरीही ज्या कलमावरून युरोपची ख्रिस्ती जनता दुभंगली, ते कलम आज भिंत राहिलेले नाही.

या सर्व इतिहासातून आपण घरी काय न्यावे? निर्धास्त तरुणाला आम्ही म्हणू की, झाड मुळावर जगते हे खरे, पण जिवंत मुळाच्या झाडाला पालवी फुटतेच. शेजाऱ्याशी बांधाचा तंटा चालू आहे, मजुराची मजुरी थकवली आहे, आईवडिलांची विचारपूस नाही, आणि श्रद्धा मात्र शाबूत आहे, असे ट्रेंटही म्हणू देत नाही आणि ल्यूथरही नाही. अंतिम न्यायाच्या दिवशी भुकेल्याला अन्न दिले काय, हाच प्रश्न प्रभू विचारणार आहे.

आणि त्या माउलीला? तिच्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे की, "नाही बाई, तुझे पुरणार नाही, कुणाचेच पुरत नाही. पण पुरवणारा दुसरा आहे." स्नानसंस्काराच्या वेळी तान्ह्या लेकराच्या हाती कोणते सत्कृत्य असते? तरीही देव त्याला आपले म्हणतो. त्यानंतर तिने आयुष्यभर जे केले, त्या नोव्हेना, ते दारच्याला वाढलेले ताट, ते देवाचे कर्ज फेडण्याचे हप्ते नव्हते. आधीच मिळालेल्या प्रेमाला तिने दिलेले ते उत्तर होते, आणि ते उत्तर देण्याचे बळही त्यानेच दिले होते. व्हेनिसच्या त्या तरुणाला हे समजले, तेव्हा त्याची झोप परत आली. आपल्या घरांतील थकल्या-भागल्या माणसांना हे कुणीतरी वेळेवर सांगायला हवे. आणि ते सांगण्यासाठी फादरांचीच वाट पाहत बसण्याचे कारण नाही.